अन्वरभाईंचा खण

अन्वरभाई गेले त्या दिवशी, त्यांच्या घरी जायला निघण्याआधी, मी त्यांचं टोकन रद्द केलं.

आज वर्ष झालं. आता सांगते.

हडपसरच्या आमच्या ऑफिसात सगळे पासवर्ड एका सॉफ्टवेअरच्या तिजोरीत असतात. ती तिजोरी अन्वरभाईंनी उभी केली. मला शिकवलीही त्यांनीच.

"पासवर्ड कुणाच्या हातात द्यायचा नाही. टोकन द्यायचं. सोसायटीच्या गेटपाससारखं, चोवीस तासांचं. संपायच्या आत रिन्यू करा, नाहीतर बाहेर."

"आणि माणूसच गेला कंपनीतून, तर?"

"तासाभरात रद्द. मी असलो तरी. लाड नाहीत."

चेकलिस्टमध्येसुद्धा त्यांनी हे असंच लिहिलं होतं. "लाड नाहीत"सकट.

प्रत्येक टोकनला स्वतःचा एक खण असतो. त्यात ठेवलेलं फक्त त्या टोकनलाच दिसतं, अ‍ॅडमिनलाही नाही. टोकन मेलं की खण पुसला जातो. चोरी नको म्हणून आम्ही त्याचा बॅकअपही घेत नाही.
हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवते. मी!

शेवटचे दोन महिने ते हॉस्पिटलमध्ये होते. तरी लॉगमध्ये रोज संध्याकाळी सहाला दिसायचं: अन्वर, टोकन रिन्यू.

मी फोनवर झापलं. "अहो, रजेवर आहात ना? मिटा तो लॅपटॉप."

"मिटतो गं. पण टोकन मरेल ना."

मला वाटलं, कामाची सवय. हसले मी.

सकाळी सातला ते गेले. साडेदहाला मी ऑफिसात पोचले तर एचआरचा मेल आलेला होता. रडत रडत चेकलिस्ट उघडली. निदान हे तरी त्यांच्या पद्धतीनं व्हावं, असं वाटलं.
सिस्टिमनं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं.
आदल्या संध्याकाळीही त्यांनी रिन्यू केलं होतं. सात तास बाकी होते.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. पुरुष मंडळी कब्रस्तानात गेली होती. नसरीनभाभींनी मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर अन्वरभाईंचा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता.

"पल्लवी, ते म्हणायचे, सनासाठी लिहून ठेवलंय, ऑफिसच्या तिजोरीत, माझ्या खणात. घरात सगळ्यांना माझा लॅपटॉपचा पासवर्ड माहितीये, म्हणून तिथे. याच लॅपटॉपवरून पल्लवी उघडून देईल म्हणाले."

सना त्यांची मुलगी. वाघोलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा. दारात उभी होती.

मी लॅपटॉप उघडला. काय येणार ते माहीत होतं, तरी एंटर मारलं.
परवानगी नाही.

"ताई, काय आहे?"

"खण रिकामा आहे गं."

ती फक्त "बरं" म्हणाली.

काही महिन्यांनी भेटली तेव्हा स्वतःहून म्हणाली, "औषधांनी गुंगी यायची अब्बूंना. राहून गेलं असेल लिहायचं."
मी होकारार्थी मान हलवली. तेवढी भित्री आहे मी.

सना, तू हे वाचशील. खण रिकामा नव्हता. रोज संध्याकाळी सहाला, सलाईन लावलेल्या हातानं, ते तो तुझ्यासाठी जिवंत ठेवत होते.
मी पुसला. त्यात काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही, मलाही नाही.

अन्वरभाई, तुमची चेकलिस्ट मी अक्षरशः पाळली.

भावपूर्ण वगैरे लिहायचा मला हक्क नाही. नुसतीच श्रद्धांजली.