कोरडी खडी

चूक माझीच होती. पंखा मीच लावला होता. तरी माझ्या टेबलावरच्या छोट्या रेल्वेच्या रुळांमध्ये तासभर खपून पसरलेली बारीक खडी उधळली, तेव्हा मी बायकोवर ओरडलो, "तुला दार लोटता येत नाही?"

"अहो, वर बघा, पंखा कोणी लावला?" वसुधा म्हणाली. "आणि माझी चहाची गाळणी धुऊन ठेवा."

त्याच गाळणीने मी खडी चाळली होती. संताप आणखीच चढला. पंखा बंद करून पुन्हा खडी पसरली, रुळांवरची ब्रशने झटकली आणि ती चिकटून बसावी म्हणून वरून पातळ गोंद सोडला. थेंब मुरेच ना. कोरड्या खडीवर त्याची गोळी व्हायची आणि खडे घेऊन घरंगळायची. मग आठवलं, आधी थोडं साबणाचं पाणी फवारायचं असतं.

फवारलं. थेंब निमूट आत उतरला, आणि मला स्वतःचीच चीड आली. दगडांना आधी भिजवायचं एवढं मला कळतं, आणि घरात मात्र वर्षानुवर्षं माझं बोलणं कोरड्यावरच ओततोय. मुरलं नाही की पुन्हा तिच्यावरच चिडतो.

गाळणी घासून स्वयंपाकघरात नेली.

"पंखा मीच लावला होता," म्हणालो. "चुकलो, वसुधा. दाराचं उगाच बोललो."