फोडणीचा वास

यवतमाळात ज्याला काही गुपित ठेवायचं असेल, त्याने आमच्या घरमालकीण काकूंकडे भाड्याने राहू नये. काकू कुणाच्या घरात डोकावत नाहीत, कुणाला खोदून विचारतही नाहीत. त्या आपल्या ओट्यावर तूर निवडत बसतात आणि भिंतीपलीकडून जे काही गळेल ते टिपतात. कुकरच्या शिट्ट्यांवरून पाहुणे, चपलांवरून पाहुण्यांची ऐपत आणि बादलीच्या आदळण्यावरून नवरा-बायकोतलं भांडण त्यांना कळतं. एकदा मी गुपचूप मुलगी बघून आलो, तर दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "इस्त्रीचा शर्ट घालून गेलता अन् येऊन लगेच आंघोळ केली. जमलं नाई वाटते?" खरंच जमलं नव्हतं.

मी इंजिनीयरिंग कॉलेजात शिकवतो आणि माझं संशोधन नेमकं अशा कानांविरुद्ध आहे. दारव्ह्याकडचे शेतकरी आपल्या फोनवर कपाशीच्या बोंडांचे फोटो काढतात. फोटो फोनमध्येच राहतात. प्रत्येक फोन त्यावरून बोंडअळी ओळखायला शिकतो आणि शिकलेल्याचं फक्त सार हवेतून आमच्याकडे पाठवतो. सगळ्यांचं सार एकत्र करून सगळेच फोन शहाणे होतात. पण ते सार वाटेत कुणी चोरून ऐकलं, तर कुणाच्या वावरात अळी आहे याचा अंदाज बांधता येतो आणि व्यापारी भाव पाडायला मोकळा. म्हणून आम्ही प्रत्येक सारात मुद्दाम गोंगाट मिसळतो. बेरीज केली की तो गोंगाट एकमेकांत जिरून जातो, पण वाटेत ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हे काकूंना समजावून सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "म्हंजे तू माह्यावरच औषध शोधून राह्यला ना बापू!"

मग मीही इरेला पेटलो. कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली आणि रोज संध्याकाळी खिडकीतल्या स्पीकरवर आपोआप वाजेल अशी सोय केली. काकू चक्रावल्या. "इतकं वरण कोन खाऊन राह्यलं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कॉलेजात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

पावसाळ्याच्या शेवटी मला ताप आला. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत पडून राहिलो आणि मग उठून दार उघडण्याचं त्राणही उरलं नाही. स्पीकर मात्र इमानदारीत वाजत होता. बाहेरच्या जगाला मी ठणठणीत होतो आणि रोज वरणभात जेवत होतो. शेवटी काकूंनी आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं, मला पाहिलं आणि समोरच्या मेकॅनिक चाचांना हाक मारून ऑटोत घातलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला कळलं कसं?" मी दवाखान्यात विचारलं. "शिट्टी तं रोज आयकू येत होती," पेज भरवत काकू म्हणाल्या, "पन फोडनीचा वास काहून नाई? बिना फोडनीचं वरण तं तू मेला तरी खात नाई."

बरा होऊन कॉलेजात गेलो आणि सगळ्यात आधी आमच्याच कामातला फोडणीचा वास शोधला. तो सापडला. आम्ही सार झाकलं होतं, पण अळी असलेल्या वावरातले फोन जास्त वेळा बोलत होते; नुसतं ते मोजूनही चोरून ऐकणाऱ्याला अळी कळली असती. आता सगळे फोन ठरल्या वेळी, सारखंच बोलतात, सांगण्यासारखं काही असो वा नसो. शेतकऱ्यांची गोष्ट शेतकऱ्यांपाशी राहिली याचं श्रेय मी मनोमन काकूंना देतो, आणि मी जिवंत असल्याचं तर उघडपणे देतो.

अलीकडे काकूंना कमी ऐकू येतं. मुलाने आणलेलं कानाचं यंत्र त्या डबीतच ठेवतात. स्पीकर मी केव्हाच काढून टाकला. संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून लसणाची फोडणी देतो आणि पलीकडून "जळलं रे बापू!" असं ऐकू येईपर्यंत गॅस बंद करत नाही. हल्ली फोडणी जरा जास्तच करपते.