निळ्या दोऱ्याची पँट

शिवणवाल्या मावशी माणसाला पायांपासून पाहायला सुरुवात करत आणि मग सवडीने वर जात. तीन इमारतींच्या सामाईक फाटकासमोर वीस वर्षं मशीन मांडून बसल्यावर नावं विसरली तरी चालतं. कुणाची पँट कुठे तुरपलेली आहे आणि कुणाच्या शर्टाचं तिसरं बटण आपण लावलेलं आहे, हे मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

भरदुपारी घरफोड्या होऊ लागल्या तेव्हा नव्या हवालदारबाई सायकलवरून आल्या आणि थेट मावशींच्या बाकावर बसल्या. "मला अंदाज नकोत. दिसलं ते सांगा, कितीही बारीक असो," म्हणाल्या. रहिवाशांचा पहाऱ्याचा गट झाला. काही जणांना शिट्ट्या मिळाल्या, त्यातली एक मावशींना. मावशींनी ती मापाच्या टेपशेजारी गळ्यात अडकवली.

"आता फक्त गणवेश राहिला," काका, म्हणजे मावशींचे यजमान, म्हणाले.

"तो मी घरी शिवेन."

मावशींची शिट्टी पहिल्यांदा वाजली आणि सगळाच घोळ झाला. मागच्या भिंतीवरून उडी मारणारा इसम चेअरमनचा जावई निघाला. सासूची नजर चुकवून सिगारेट ओढायला गेला होता बिचारा. सोळा जणांनी त्याला घेरलं, सतराव्या सासूबाई.

दुसऱ्या दिवशी हवालदारबाई बाकावर बसलेल्या असताना चेअरमन आले आणि उभ्याउभ्याच बोलले. "मावशी, शिट्टी द्या. आणि बाई, पुन्हा असा खोटा गलका झाला, तर हा गट बंद करा म्हणून मी वर लिहून देणार. तसंही तुमच्या वहीत आहे काय? दुसऱ्या मजल्यावरच्या लंबूची पँट वाळत घातलेली चोरीला गेली. ही काय तक्रार झाली?"

"गेली ना? मग लिहायची," हवालदारबाई शांतपणे म्हणाल्या.

शिट्टी गेली. मावशींचा हात दिवसभर उगाचच गळ्याशी जायचा. चौकीच्या खुर्चीत आरामात बसायचं सोडून ही पोरगी उन्हातान्हात दारोदार फिरते, आणि आपल्या एका फुंकरीने तिचं काम बंद पडायची वेळ आली, हे त्यांना टाचणीसारखं टोचत होतं.

आठवड्याने, दुपारी अडीचच्या सुमाराला, फाटकाशी एक जण आला. हातात फाइल, खांद्याला पिशवी. मावशींनी खालून सुरुवात केली. करडी पँट, बाजूला पिवळी पट्टी. म्हणजे गॅस कंपनीचा. पण पँटची टोकं टाचेखाली येत होती. लंबूही गॅस कंपनीतच होता, आणि त्याची पँट याला एवढीच लांब झाली असती. पण अशा पँटी शंभर जण घालतात. खरा गॅसवाला निघाला तर? मावशींनी क्षणभर विचार केला आणि मशीनवरून हाक मारली.

"अहो भाऊ, त्या पँटीत पाय अडकून पडाल. शिवाय इथले चेअरमन असल्या अवतारात कुणाला जिना चढू देत नाहीत. द्या इकडे, दोन मिनिटांत तुरपून देते. पैसे नकोत."

तो घुटमळला. वर, फाटकाकडे, पायांकडे पाहिलं. मग पिशवी घेऊन मशीनमागच्या, माप घ्यायच्या पडद्याआड गेला आणि पँट बाहेर सरकवली.

मावशींनी कंबर उलटी केली. आतून निळी शिलाई. गेल्या महिन्यात लंबूचं पोट सुटलं म्हणून दोन इंच कापड सोडलं होतं आणि नेमका करडा दोरा संपला होता. 'आतून कोण बघतंय,' असं त्यांनीच त्याला समजावलं होतं.

त्यांनी फोन उचलला. "बाई, मापाला लगेच या."

"मी कधी शिवायला टाकलं?" पलीकडे सायकलचं स्टँड खटकन उडालं. "आले."

"मावशी, झालं का?" पडद्याआडून आवाज.

"बॉबिन संपलीय, भरते."

"मावशी?"

"सुई मोडली हो. आज दिवसच तसला आहे."

हवालदारबाई धापा टाकत आल्या. मावशींनी निळी शिलाई पुढे केली आणि "लंबूची, मीच घातलेली," असं हळूच सांगितलं. बाईंनी आधी गॅस कंपनीला फोन लावला; आज इथे कुणालाच पाठवलेलं नव्हतं. मग त्यांनी पडदा सरकवला. गडी काकांचा टॉवेल गुंडाळून बसला होता. पिशवीत पटाशी, किल्ल्यांचा जुडगा आणि मनगटावर पहिल्या मजल्यावरून चोरीला गेलेलं घड्याळ. पळायचं त्याच्या मनात होतं, पण टॉवेल आखूड होता.

तोवर बाकाभोवती माणसं जमली. चेअरमनही आले. त्यांनी वही मागून घेतली, लंबूच्या पँटची नोंद दोनदा वाचली, मग खिशातून शिट्टी काढून मशीनवर ठेवली. "जावयाला सांगतो, तुम्हाला विचारून सिगारेट ओढत जा."

"मला माझी पँट तरी द्या," चोर म्हणाला.

"तुझी कुठली? लंबूची आहे ती." मावशींनी काकांचा जुना पायजमा काढून दिला. तोही त्याला वीतभर लांब. हवालदारबाई त्याला घेऊन निघणार, तेवढ्यात मावशींनी सुईत दोरा ओवला.

"थांबा बाई, दोन मिनिटं. माझ्या दुकानातून कुणी असं फरफटत गेलेलं मला नाही चालत."

आणि या वेळी त्यांना खरंच दोनच मिनिटं लागली.