ठिबकची नळी

"आटपा म्याडम, टँकर यायला लागलंय." दवाखान्यात पाऊल टाकताच माझ्या त्या पेशंटचं हे पहिलं वाक्य. खुर्चीत बसायचे तेही अगदी कडेला, आणि एक पाय सारखा हलत असायचा. टँकर यायचा तो अहमदपूरला, आणि आवाजावर उपचार करायचा माझा दवाखाना लातूरला. पण तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बसलेली एका गावात असतात आणि जीव दुसऱ्या गावात.

त्या दुष्काळात रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली टँकरचा पुकारा करायचं काम त्यांच्याकडे होतं. शिवाय गावाला जिल्ह्याचं ठिकाण करा म्हणून निघणाऱ्या मोर्चांतल्या घोषणाही त्यांच्याच. हातात माईक असूनही ओरडायचे. मी चिडले की म्हणायचे, "भोंग्याचं काय खरं हाय? बंद पडला तर? म्या हाय की."

घशाच्या डॉक्टरांना त्यांच्या स्वरतंतूंवर गाठी दिसल्या होत्या. असंच ओरडत राहिलात तर आवाज कायमचा जाईल, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. तेव्हा मात्र पाय थांबला.

"मंग मला गावात कोण वळखल?" ते म्हणाले.

मी एक बारीक नळी दिली. तिचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवायचं आणि नळीतून 'ऊ' असा सूर लावायचा. नळी बारीक आणि पाणी खोल, म्हणून हवेला अडथळा होतो, आणि तो अडथळाच स्वरतंतूंना एकमेकांवर आपटू देत नाही. वाऱ्यानं दार धाडकन लागू नये म्हणून पलीकडून कुणी हात लावून धरतं ना, तसंच.

सोबत आलेली त्यांची बायको पदराआड हसायला लागली. "गल्लीत प्यायला पाणी न्हाई, आन ह्ये घरात बसून बुडबुडे काढणार व्हय?"

"त्याच पाण्यात नंतर भांडी इसळ," ते तिच्यावर खेकसले. बायकोशी बोलतानाही त्यांचा सूर भोंग्याचाच असायचा.

पुढच्या भेटीला आवाज आणखी फाटलेला. मी नळी दाखवायला सांगितली. त्यांनी पिशवीतून अंगठ्याएवढ्या जाडीचा, वीतभर काळा तुकडा काढला.

"तुमची लई बारीक व्हती, दम कोंडायचा. रानात ठिबकची नळी सुकीच पडलीय, त्यातली कापली. हिच्यातून कसं मोकळं जातंय!"

"अहो, मोकळं गेलं तर उपयोग काय? अडथळा हाच तर उपचार आहे."

"आन म्या अडथळा काढायलाच तुमच्याकडं आलो न्हवं?"

राग आला होता, तरी हसू आवरलं नाही. नवी बारीक नळी दिली आणि बायकोला पहाऱ्यावर बसवलं. पुढे पाण्याची ओढाताण वाढली तेव्हा पेला सोडून नुसत्या नळीवर भागवलं. ती अजून बारीक घेतली, एवढंच. हळूहळू सूर नितळ झाला. पण तो हळू बोलण्यापुरता. ओरडायची मनाई कायमच राहणार होती, आणि हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं. ते उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "हळू बोलून कुटं जिल्हा मिळतोय का, म्याडम?" म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. दिवाळीनंतर बायको एकटीच आली. झोपेतच गेले म्हणाली. मला वाटलं, शेवटी मोर्चात ओरडलेच असणार. तसं विचारलंही.

"न्हाई. माईक दुसऱ्याला देऊन टाकला. दोन-चार दिवस दारात येरझाऱ्या घातल्या, टँकर आलं की उठायचे, बसायचे. मंग बसले घरात."

एवढं सांगायला ती अहमदपूरहून आली होती का, मला कळेना. मग म्हणाली, "संसारभर माझ्यावर वरडूनच बोलले, बाई. शेवटी शेवटी इतकं हळू बोलायचे, मला जवळ सरकून बसावं लागायचं."