भाईंदरची ती वाट नव्हे

मार्गशीर्षात याच मासिकात मी सायकलवाल्यांसाठी भाईंदरजवळची एक निवांत वाट सुचवली होती. ती वाट नव्हती. तो मिठागराचा बांध होता. त्यावर मला मोटार दिसली नाही, बैलगाडी दिसली नाही, माणूसही दिसला नाही, म्हणून मी त्याला वाट म्हटले आणि 'अवश्य जावे' असे लिहून मोकळा झालो.

चूक ध्यानात आली ती कचेरीतल्या एका तरुणामुळे. "तुमच्या वाटेने आम्ही मित्रमंडळी जाऊन आलो! बांध ओला होता, चाकं रुतली, पण मजा आली. शेवटी एक बाई मात्र ओरडत मागे धावली." तो हसत होता. मला जेवण गेले नाही. रविवारी पहाटेच सायकल बाहेर काढली.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे खासगी मोटारी घरी बसल्या आहेत. सायकलवाल्यांना हे दिवस बरे, असे वाटते. पण घोडबंदरच्या रस्त्यावर लष्करी लॉऱ्या आहेत. बोरिवली सोडल्यावर एकीने मला चक्क करवंदीच्या जाळीत घातले. कोपर खरचटले. काशीमिऱ्याला डावीकडे गाडीवाटेने वळलो, तेव्हा कुठे पाखरांचा आवाज ऐकू आला. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरे होती आणि बगळे म्हशींच्या मागून शहाण्यासारखे चालत होते.

रेल्वेचे फाटक ओलांडून पुढे आलो आणि मिठागरे दिसली. पांढऱ्या राशी उन्हात डोळ्यांना टोचत होत्या. बांधावर दूर एक बाई वाकून काम करत होती. मी तिच्यासाठीच आलो होतो. पण सायकलवरून उतरलो नाही. मान दुसरीकडे वळवून उत्तनचा रस्ता धरला.

राई, मुर्धे, मोर्वे ही गावे एकाला एक लागून आहेत. रस्ता अरुंद, धुळीचा, पण ताडांच्या सावलीतला. वाटेत फक्त एक बैलगाडी भेटली, आणि तिचा गाडीवान झोपलेला होता. मार्गशीर्षात मी हाच रस्ता सुचवायला हवा होता. समुद्राचा वारा लागला तसे मन हलके झाले, आणि नेमके तेव्हाच मागचे चाक बसले.

उत्तनच्या पहिल्याच घरापुढे एक म्हातारा जाळे दुरुस्त करत होता. त्याचे नाव पास्कल. पंक्चर शोधायला त्याने पाण्याचे घमेले पुढे सरकवले.

"भायंदरवरनं आलास? बांदावरनं तर न्हाय?"

"नाही, नाही."

"बरं केलास. हिरूबायनं सायकलीसकट खाडीत घातला असता तुला." आणि त्याने हकिगत सांगितली. शहरातले लोक सायकली घेऊन बांधावर चढले, उतरताना बांधाची कड मोडली. उधाणाचे (मोठ्या भरतीचे) पाणी तिथून आत शिरले आणि हिरूबाईचे पिकलेले मीठ विरघळून गेले. "कुना शान्यानं छापून आनलं म्हंतात, लई झ्याक वाट हाय!"

पास्कलची बायको नातालिन हिने मला हात धुवायला लावून जेवायलाच बसवले. तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलांचे कालवण. ती म्हणाली, "त्या शान्याला आना एकदा जेवायला. कालवनात मीठ न्हाय टाकनार मी!"

दोघेही खूप हसले. माझ्या ताटातल्या कालवणात मीठ अगदी बेताचे होते. मी खाली मान घालून जेवलो आणि एक भाकर मागूनही घेतली. इतके चविष्ट जेवण आणि इतकी लाज मी एकाच ताटात कधी पाहिली नव्हती.

परतताना मिठागरापाशी सायकल आडवी केली आणि बांधावरून पायीच गेलो. हिरूबाई माझ्याच वयाची, उन्हाने काळवंडलेली. मोडलेल्या कडेवर ती पाटीने चिखल टाकत होती.

"मी आणून देऊ का?"

तिने मला खालून वर पाहिले. "धोतार खराब होईल, दादा."

"होऊ द्या."

मी चिखल वाहू लागलो, ती पायाने दाबून बसवू लागली. अवसेच्या (अमावास्येच्या) उधाणाआधी बांध व्हायलाच हवा होता, नाहीतर उरलेले मीठही जाणार. पाठ मोडली, पण काम करताना बरे वाटत होते. मग ती म्हणाली, "शेरात पन चांगली मानसं हायत म्हनायची."

ते मला सहन झाले नाही. मी सगळे सांगितले. बांध मला कोरडा आणि मोकळा दिसला होता, लिहिताना कुणाला विचारायचे सुचले नाही, मासिकाला मजकूर लवकर हवा होता. ती ऐकत उभी राहिली. मग माझ्या हातातली पाटी घेतली, काठोकाठ भरली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"तुमीच तो शाना? मग थांबलात का? चला!"

ऊन उतरेपर्यंत कड उभी राहिली. तिने मडक्यातले पाणी दिले आणि म्हणाली, "आता लिवा, ही वाट न्हाय." मी ते इथे लिहितो आहे. सायकलवाल्यांनी फाटकापासून राई-मुर्ध्याचा रस्ता धरावा आणि मिठागराच्या बांधावर चाक घालू नये. रिकामी दिसलेली जागा कुणाची तरी असते, एवढे मला पन्नाशीला आल्यावर कळले.

गाडीवाटेला लागलो. अंग दुखत होते, मन शांत होते. तरी थोडे अंतर गेल्यावर पायडल थांबले. मी तिला कारणे सांगितली होती, माफी मागितली नव्हती.

परत फिरलो. ती पाटी धूत होती.

"काय इसरलं, दादा?"

"हिरूबाई," मी म्हणालो, "तुमचं मीठ माझ्यामुळे गेलं. माझं चुकलं. मला माफ करा."