अक्कांच्या पुरचुंडीतल्या बिया

शिरपूर, रविवार दुपार

मैत्रिणींनो, धुळ्याला आणि यावलला हेच पत्र पाठवते आहे. आज सकाळी घडले ते असे:

१. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा काळा मसाला कुटायला मी आणि शेजारच्या अक्का बसलो.
२. अक्कांनी घरून मिरचीच्या बियांची पुरचुंडी आणली. आमच्याकडे बिया फेकून देत नाहीत, मसाल्यात घालतात.
३. एक मूठ उखळात पडल्यावर मी बिया पाहिल्या. त्या विषारी धोतऱ्याच्या होत्या.

मिरचीची बी पिवळी आणि गुळगुळीत असते. या तपकिरी, खडबडीत होत्या. आयुर्वेदिक दवाखान्यात औषधे मोजताना मी त्या शंभरदा हाताळल्या आहेत. मी मुसळ अडवले आणि अक्कांना तसे सांगितले.

“कालदिननी पोर, माले मसाला शिकाडस?” अक्का म्हणाल्या. “मना हातमा जहर शे का? मीच खाईसन दखाडसू!”

त्यांनी चिमूट उचलली. मी मनगट पकडले आणि सोडले नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून त्यांचे यजमान नाना ओरडले, “मनी दमानी पुरचुंडी कोन लई गयं?” दम्यासाठी ते त्याच बियांचा धूर घेतात.

अक्कांची मूठ उघडली. त्या घरी गेल्या.

सगळा मसाला मी पुरला. आईला सांगितले, माझ्या हातून जळला.

शुक्रवारी पुन्हा कुटायचे आहे. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात पहिले मुसळ अक्कांचे असते. “येणार नाही,” असा त्यांचा निरोप आला आहे. तुम्ही त्यांना आणायला गेला असता का? गुरुवारपर्यंत उत्तर पाठवा.