रिकाम्या बरणीची डागडुजी

आमच्या ताई, म्हणजे माझी थोरली नणंद, रत्नागिरीहून फोन करतात तेव्हा आधी बरणीची चौकशी करतात आणि मग भावाची. भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, याचं वाईट वाटत नाही. "बरणी माझ्यापेक्षा थोरली आहे," असं म्हणून तो पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. दुबईतल्या अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये रागावण्याचं खातं माझ्याकडे आहे, त्यामुळे बाकीच्यांना शांत राहणं परवडतं.

बरणी माझ्या सासूबाईंची. वर तपकिरी, खाली पांढरी, चांगली हातभर उंच चिनी मातीची बरणी. त्या गेल्यावर घरातल्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा ताईंनी हक्काने काहीच मागितलं नाही. बरणी मात्र त्यांनी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. "लोणच्याची बरणी जिथं लोणचं घातलं जातं त्या घरात जावी," एवढंच म्हणाल्या. मी नव्या सुनेच्या उत्साहात मान डोलावली आणि बरणी मांडीवर घेऊन विमानातून दुबईला आणली. याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्या बरणीत मी एकदाही लोणचं घातलं नाही. दाराजवळच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यात गाडीच्या किल्ल्या, मेट्रोची कार्डं, सुटी नाणी टाकत गेलो. दिसायला फार छान दिसायची.

ताई विचारायच्या, "लोणचं मुरलं का?" मी म्हणायचे, "छान मुरलंय." पहिल्या वर्षी हे खोटं बोलताना जीभ अडखळली, दुसऱ्या वर्षी नाही. एका सुट्टीत त्यांनी फारच आग्रह केला, म्हणून शारजाच्या रोल्ला बाजारातून विकतचं लोणचं आणलं, काचेच्या बाटलीत भरलं आणि त्यांना नेऊन दिलं. त्यांनी भाताबरोबर खाल्लं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आईसारखं झालंय गं." त्या दिवशी मला माझं जेवण गेलं नाही.

यंदा जानेवारीत त्यांचा फोन आला. एप्रिलमध्ये महिनाभर राहायला येतेय, येताना झाडाच्या कैऱ्या आणते, तुझ्या हाताखाली एकदा लोणचं शिकून घेते, असं म्हणाल्या. मी "या ना, या" म्हणत फोन ठेवला आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा लांबूनच बरणीत भिरकावला. मी तापट आहे. लोक मला तसं सांगतात तेव्हा मला फार राग येतो. जुडगा काठावर आदळला, बरणी टेबलावरून गेली आणि फरशीवर तिचे पाच तुकडे झाले. झाकण तेवढं वाचलं.

नवरा बाहेर आला, तुकड्यांकडे बघून म्हणाला, "ताईला कोण सांगणार?" लेक म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ जार." मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने लगेच फोन काढला आणि दहा मिनिटांत म्हणाली, "देअर इज अ जॅपनीज लेडी. बर्शातच. शी फिक्सेस ब्रोकन स्टफ अँड टीचेस ऑल्सो."

त्या बाईंची कार्यशाळा मागच्या गल्लीत टायरचं दुकान आणि लॉन्ड्री यांच्या मधल्या गाळ्यात होती. बाई सत्तरीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. त्यांचा नवरा अबुधाबीत तेल कंपनीत होता, तो गेला, त्या इथेच राहिल्या. शेजारच्या टायरवाल्यांकडून हिंदी शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या तोंडी गल्फची हिंदी होती, तीही टायरच्या दुकानातली. मी तुकडे पिशवीतून काढून मांडले. बाईंनी एक उचलला, आतल्या बाजूने नाकाशी नेला आणि खोल वास घेतला.

"ये पिकल जार है?"

मी हो म्हटलं.

"ऑइल नहीं. स्मेल नहीं. गुड. ऑइल गया अंदर तो चिपकता नहीं." त्या खूश झाल्या होत्या. सात समुद्रांपलीकडच्या या बाईला एका हुंगण्यात जे कळलं, ते मी नणंदेपासून एकोणीस वर्षं लपवलं होतं.

मी म्हटलं, सांधा दिसणार नाही असं पांढऱ्या रंगात जोडून द्या. बाईंनी तुकडा खाली ठेवला. "छुपाना है तो सुपरमार्केट जाओ. सुपरग्लू. पाँच मिनट में खलास." मग आपलं काम दाखवलं: एक वाडगा, त्यावर जिथं जिथं फुटलं तिथं तिथं सोन्याची रेघ. ताईंना दोन खोल्यांपलीकडून दिसेल अशी ही दुरुस्ती होती. पण सुपरग्लू वापरलेली बरणी कैऱ्यांच्या वजनाने ताईंसमोरच उकलली तर, हेही डोळ्यांपुढे आलं. किती दिवस लागतील विचारलं. "थ्री मंथ. इन्शाल्ला." एप्रिल बरोबर तीन महिन्यांवर होता. मी तिथंच नाव घातलं, दर शनिवारी यायचं ठरलं.

बाई तुकडे लाखेने जोडायच्या. ही लाख म्हणजे आपली बांगड्यांची नव्हे. ती किड्याची, ही झाडाची. झाडाला चिरा देऊन काढलेला चीक, दिसायला काकवीसारखा. मैदा पाण्यात मळायचा, त्यात हा चीक घालून आणखी मळायचा, की डिंक तयार. मळण्यात माझा हात कोण धरणार? मी छान मऊ गोळा केला. बाईंनी चिमूट काढून ताणून पाहिली आणि म्हणाल्या, "चपाती नहीं, मॅडम. ग्लू." पुन्हा मळायला लावलं.

त्या हातमोजे देत होत्या. हा चीक अंगावर उठतो, म्हणाल्या. मला हसू आलं. मी रत्नागिरीची. लहानपणी काजूच्या बिया भाजून फोडल्या, आंब्याचा चीक गालावर घेऊन मे महिने काढले. मी त्यांना टायरच्या हिंदीत समजावलं की आमच्याकडे मुलं हे चीक अंगावर घेऊनच वाढतात, आम्हाला काही होत नाही. बाईंनी नमस्कारासारखं वाकून मोजे परत ठेवले. तिसऱ्या दिवशी माझे डोळे उघडेनात. मनगटांवर फोड, पापण्या पुऱ्यांसारख्या टम्म. पुढच्या शनिवारी बाईंनी माझं तोंड बघितलं आणि मोज्यांचा अख्खा खोका माझ्यासमोर ठेवला.

त्याच आठवड्यात ताईंचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा बंद ठेवला तर नवऱ्याने तत्परतेने फोन माझ्या तोंडासमोर धरला. ताईंनी क्षणभर बघितलं. "हे काजूचं आहे. आमसूल भिजवून त्याचं पाणी लाव. पण दुबईत तुला काजूचा चीक लागला कुठे?" मी म्हटलं, नवीन फेस क्रीम आहे. खोटं बोलायची सवय लागली की ते फारसं शोधावं लागत नाही. आमसुलाचं पाणी लावलं. बरंही वाटलं, हे आणखी वाईट.

तुकडे जोडून झाले. बाईंनी बरणीला पट्ट्या बांधून ती माझ्या हवाली केली. घरी ओलसर पेटीत दोन आठवडे ठेव, म्हणाल्या. ओलसर? मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, जपानात ऊन नसेल. पापड असो, कुरडया असोत, आंब्याची पोळी असो, ओली वस्तू वाळवायची तर उन्हात घालायची, हे मला कोणी शिकवायला नको. मी बरणी बाल्कनीत ठेवली आणि पक्षी बसू नये म्हणून वर जुनी ओढणी टाकली. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ फिरवली. नवव्या दिवशी दाबून पाहिलं तर वरचा तुकडा सरकून माझ्या तळहातावर आला, चिकट, काळपट, जसाच्या तसा.

बाईंना सांगितलं. त्या बरणीकडे बघत राहिल्या, मग हसू लागल्या. इतक्या हसल्या की लॉन्ड्रीवाला डोकावून गेला. ही लाख वाळत नाही, म्हणाल्या. हवेतली ओल पिते, मग घट्ट होते. सुक्या हवेत ती वाट बघत बसते. "सन नहीं. पानी चाहिए. तुम उसको प्यासा रखा." मी जन्मभर वाळवण घातलं, पण ओलीत घट्ट होणारी वस्तू पहिल्यांदा पाहिली. सगळं खरवडून पहिल्यापासून करायला लावलं. मार्च लागला होता. मी चिडून ब्रश ठेवला तर म्हणाल्या, "टुडे खरवडना. गुस्सा टुमारो."

मग मासळीबाजारातून थर्मोकोलची पेटी आणली, धुतली, तरी सुरमईचा वास गेला नाही. पेटीत ओले टॉवेल, मध्ये बरणी, आणि पेटी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये. मी दिवसातून दोनदा टॉवेल बदलायचे. लेक तक्रार करायची, "आय कान्ट शॉवर विथ दॅट थिंग वॉचिंग मी." नवरा दारातून विचारायचा, "बाळ-बाळंतीण खुशाल?" मी ओला टॉवेल फेकून मारला. नेम चुकला, आणि या वेळी काही फुटलं नाही.

दोन आठवड्यांनी बरणी एकसंध उभी राहिली. मग खाचा मातीने भरल्या, घासल्या, लाल लाखेची रेघ ओढली, आणि रेघ अर्धवट चिकट असताना तिच्यावर सोन्याची पूड कापसाने टेकवली. रेघ केसाएवढी बारीक यायला हवी. माझी बहुतेक बारीकच आहे. पोटाजवळ एके ठिकाणी मात्र ती चांगली जाड झाली आहे. त्या शनिवारी मी बँकेच्या हेल्पलाइनशी बोलून आले होते. बाईंनी जाड रेघेवर बोट ठेवून विचारलं, "इधर किसके साथ झगडा?"

शेवटच्या दिवशी मी विचारलं, आता यात लोणचं घालता येईल का. बाई म्हणाल्या, अजून आतून पक्की व्हायची आहे. "पिकल, नेक्स्ट इयर. अभी चाबी रखो." मी त्यांना किल्ल्यांबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. तुकड्यांवरच्या ओरखड्यांवरून त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार.

चार दिवसांनी ताई आल्या. दारातच बॅग उघडून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कैऱ्या काढू लागल्या आणि त्यांची नजर टेबलावर गेली. मी भाषण पाठ केलं होतं: जपानी पद्धत, ताई, तिकडे मुद्दाम करतात, जुन्या वस्तूचा मान म्हणून.

"फुटली होय?" ताई म्हणाल्या.

"हो."

"बरं."

तीन महिन्यांची माझी भीती या दोन अक्षरांत संपली. तेवढ्यात त्यांनी झाकण काढलं आणि बरणीत नाक घातलं. मग हात घातला आणि तळातून मेट्रोचं एक जुनं कार्ड बाहेर काढलं. जोडकामाच्या आधी बरणी पूर्ण रिकामी होती, परत टेबलावर आल्यावर चार दिवसांत घरातल्या कुणीतरी सवयीने ते टाकलं होतं. ताईंनी कार्ड उलटंपालटं केलं. "हे मुरायला घातलंयस?"

मी सगळं सांगितलं. रोल्लाची बाटलीही सांगितली. ताई खुर्चीवर बसल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागाशी माझी ओळख आहे.

"माझ्या हातचं लोणचं दरवर्षी बुरशी धरायचं," त्या म्हणाल्या. "पाच-सहा वर्षं केलं आणि सोडलं. म्हणून तर बरणी तुला दिली. फोनवर विचारायचे ते तुला धारेवर धरायला नव्हे गं. कुठेतरी आईचं लोणचं चालू आहे, एवढं ऐकायचं असायचं." मग म्हणाल्या, "आणि विकतचं खाऊन मी म्हटलं, आईसारखं झालंय. आईची चव मी विसरलेय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मला रडू आलं. बरणी फोडल्याचं मी महिनोन्‌महिने निस्तरत बसले होते. त्यांना जे लागलं ते बरणी फुटल्याचं नव्हतंच, आणि ते जोडायला माझ्याकडे कसलाही चीक नव्हता.

कैऱ्या मात्र थांबणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी विळी आणि परात घेऊन बसलो. बरणी पुढच्या वर्षीपर्यंत चालणार नव्हती, म्हणून काचेची मोठी बाटली धुऊन कोरडी केली. फोडी झाल्या, मोहरीची डाळ काढली. मग ताईंनी विचारलं, "आई मीठ किती घालायची गं?"

"तुम्हाला ठाऊक असेल."

"मला वाटलं, तुला सांगितलं असेल आईने."

मागून आवाज आला, "सहा मुठी." नवरा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "शंभर फोडींना सहा. मोजायचं काम माझं होतं. मी चुकलो की आई पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायची."

एकोणीस वर्षं हा माणूस त्या बरणीत किल्ल्या टाकत होता. मी म्हटलं, "मग कधी बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला. मग कप ओट्यावर ठेवून त्याने आमच्या दोघींच्या मुठी हातात घेऊन पाहिल्या. माझी मूठ सोडली, ताईंची धरून ठेवली. "आईची एवढी होती," तो म्हणाला. ताईंनी मिठाच्या डब्यात हात घातला, आणि तो मोजू लागला.